लांबचं की हातातलं?

ऑपरेशननंतर पाच-सहा दिवसांनी आई मला म्हणाली, "अरे, समोरच्या बिल्डिंगवरची पाटी वाचता येते, पण हातातली सुई गेली रे माझी."

ही गोष्ट १९९८ सालची. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. डॉक्टर खूश होते, आम्हीही खूश होतो. पण आई खूश नव्हती. मी तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. वीसेक वर्षं फळ्यावर भिंगांच्या आकृत्या काढल्या होत्या. तरी आईच्या डोळ्यात कुठल्या अंतरासाठी भिंग बसवणार, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्या चुकीमुळे मी या विषयाकडे वळलो. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वाकतो. पहिल्यांदा बुबुळावरच्या पारदर्शक काचेसारख्या पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर. मग बाहुलीच्या मागे असलेल्या भिंगात. प्रकाश वाकवण्याची ताकद आपण 'डायॉप्टर'मध्ये मोजतो. चष्म्याचा नंबर म्हणतो तो हाच. सबंध डोळ्याची ताकद साधारण साठ. त्यातली चाळीसहून थोडी अधिक कॉर्नियाची आणि वीसच्या आसपास आतल्या भिंगाची. हे भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. तरुणपणी ते लवचिक असतं, जवळचं पाहताना फुगतं. चाळिशीनंतर ते ताठर होत जातं आणि आपल्याला वाचायला चष्मा लागतो. पुढे ते गढूळ होतं, तो मोतीबिंदू.

गढूळ भिंग काढून टाकणं हा यावरचा उपाय. पण काढलं की वीस डायॉप्टर गेले. ते कुठून आणायचे? माझ्या आजीच्या वेळी ते चष्म्यातून आणत. १९७४ साली आमच्या गावच्या शाळेत नेत्रशिबिर भरलं होतं. वर्गात जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. डोकं हलू नये म्हणून आजीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. नंतर तिला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. त्यातून दिसायचं, पण सगळं पाव पटीनं मोठं. कप जवळ आहे असं वाटून ती चहा बशीत ओतायची, बशीच्या बाहेर ओतायची. चष्म्याच्या कडेला तर काहीच दिसत नसे. माणूस अचानक समोर उगवल्यासारखा वाटे. अंगणात उतरताना ती भिंतीचा आधार सोडत नसे. तरी ती त्या चष्म्याला जपायची, कारण तो फुटला की पुन्हा अंधार.

भिंग डोळ्याबाहेर ठेवलं की हे होणारच. ते आत, मूळ जागीच हवं. हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. १९४०च्या दशकात लंडनच्या सेंट टॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड रिडली नावाचे सर्जन मोतीबिंदू काढत असताना, पाहायला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारलं म्हणे, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवणार नाही का? खरी अडचण होती ती कशाचं बसवायचं ही. शरीर परकी वस्तू सहन करत नाही, आणि डोळा तर त्याबाबत फारच नाजूक.

उत्तर युद्धातून आलं. ऑगस्ट १९४०मध्ये गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या लागल्या. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिकचं आच्छादन फुटून त्याचे कण डोळ्यांत घुसले. असे वैमानिक रिडलींनी तपासले होते. त्यांच्या लक्षात आलं, की ते कण डोळ्यात वर्षानुवर्षं शांत पडून राहतात, डोळा लाल होत नाही. ते प्लास्टिक म्हणजे पर्स्पेक्स, रसायनशास्त्राच्या भाषेत पीएमएमए. त्याचाच अधिक शुद्ध प्रकार तयार करून घेऊन रेनर कंपनीच्या मदतीनं रिडलींनी भिंग बनवलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते एका बाईंच्या डोळ्यात बसवलं.

निकाल काय लागला? भिंग डोळ्यानं स्वीकारलं. पण त्या बाईंना जवळजवळ उणे अठराचा नंबर आला! हे मला वर्गात सांगायला फार आवडायचं. रिडलींनी भिंगाची गोलाई नैसर्गिक भिंगासारखी ठेवली होती. पण पर्स्पेक्स नैसर्गिक भिंगापेक्षा प्रकाश बराच जास्त वाकवतं. त्यात आणखी एक गंमत आहे. डोळ्याच्या आत हवा नाही, पाण्यासारखा द्रव आहे. जे पर्स्पेक्सचं भिंग डोळ्यात वीस डायॉप्टरचं असतं, तेच बाहेर हवेत धरलं तर चौसष्टच्या आसपास भरतं. म्हणजे गोलाईत जरा चूक झाली, तर नंबरात मोठी चूक होते. पुढच्या भिंगांत रिडलींनी ही चूक सुधारली.

ते भिंग जाड आणि जड होतं. काही डोळ्यांत ते जागेवरून सरकून मागे पडलं. १९५१ साली रिडलींनी ऑक्सफर्डच्या परिषदेत हे काम मांडलं, तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना विरोध केला. डोळ्यातून वस्तू काढायची असते, घालायची नसते, असा तेव्हाचा शिरस्ता. अमेरिकेत अशा भिंगांना सरकारी मान्यता मिळायला १९८१ उजाडलं. रिडलींना 'सर' किताब मिळाला २००० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत अशीच भिंगं बसवली होती, तीही त्याच सेंट टॉमस हॉस्पिटलमध्ये. पुढच्याच वर्षी ते वारले.

मधल्या काळात कितीतरी लोकांनी या भिंगावर डोकं चालवलं. ते जागेवर टिकावं म्हणून त्याला दोन वळणदार, स्प्रिंगसारखे पाय दिले. हे पाय मूळ भिंगाच्या रिकाम्या पिशवीत हलकेच पसरतात आणि भिंगाला मधोमध धरून ठेवतात. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांना दातांच्या डॉक्टरकडे दात साफ करणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र पाहून कल्पना सुचली, आणि १९६७ साली त्यांनी त्याच तत्त्वावर मोतीबिंदू आतच फोडून बारीक नळीनं ओढून घेण्याची पद्धत काढली. छेद लहान झाला. पण कडक भिंगाची चकती पाच-सहा मिलिमीटरची. ती आत घालायला छेद पुन्हा मोठा करावा लागे. म्हणून घडी घालता येईल असं मऊ भिंग आलं. आज ते गुंडाळून अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून आत जातं आणि आत गेल्यावर हळूहळू उलगडतं. टाकासुद्धा लागत नाही.

भिंगाच्या कडेचंच बघा. ऑपरेशननंतर पिशवीत काही पेशी उरतात. त्या मागच्या बाजूनं भिंगामागे सरकतात आणि नजर पुन्हा धूसर होते. मग लेसर करावं लागतं. भिंगाची मागची कड धारदार, चौकोनी ठेवली, तर या पेशी तिथंच बऱ्याच अडतात. पण धारदार कडेवरून प्रकाश चमकतो, रात्री त्रास देतो. म्हणून काही भिंगांत पुढची कड गोलसर आणि मागची धारदार ठेवतात. भिंगाच्या रचनेत असं सगळीकडे आहे. एक मिळवायला गेलं की दुसरं थोडं सोडावं लागतं.

आपल्या देशात आणखी एक प्रश्न होता, तो किमतीचा. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडायचं. शिबिरात येणाऱ्या शेतमजुराला ते कुठून परवडणार? त्याच्या वाट्याला आजीसारखा जाड चष्माच. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं होतं. त्या संस्थेनं १९९२ साली 'ऑरोलॅब' हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. आज मदुराईची भिंगं शंभराहून अधिक देशांत जातात. जाड चष्मे आपल्या गावांतून दिसेनासे झाले, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता आईच्या सुईकडे येऊ. भिंग किती ताकदीचं बसवायचं, हे कसं ठरतं? १९८०च्या सुमाराला एक सोपं सूत्र निघालं. एकशे अठरा हा आकडा घ्यायचा. हा भिंगाच्या जातीप्रमाणे थोडा बदलतो. त्यातून डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून तिची अडीच पट वजा करायची. मग कॉर्नियाची ताकद मोजून तिचा नऊ-दशांश भाग वजा करायचा. समजा, लांबी साडेतेवीस आणि कॉर्निया चव्वेचाळीस. उत्तर साधारण साडेएकोणीस ते वीस. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर भिंगात अडीच डायॉप्टरची चूक. आता लांबी प्रकाशकिरणांनी मोजतात आणि सूत्रंही पुष्कळ सुधारली आहेत. पण या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणसाला लांबचं स्वच्छ दिसायला हवं.

माझ्या आईला लहानपणापासून उणे चारचा नंबर. उणे चारचा डोळा चष्म्याशिवाय पंचवीस सेंटिमीटरवरचं सुरेख पाहतो. भरतकाम करताना, तांदूळ निवडताना, पोथी वाचताना आई चष्मा कपाळावर चढवायची. तिचं सगळं जग त्या वीतभर अंतरात होतं. तिचा डोळा लांबट, पंचवीस मिलिमीटरचा. सूत्रानं सोळाचं भिंग सांगितलं, डॉक्टरांनी ते बसवलं. तिला पन्नास वर्षांत दिसली नव्हती ती समोरची पाटी दिसू लागली आणि वीतभरावरचं सगळं पुसट झालं. कृत्रिम भिंग फुगत नाही. ते एकाच अंतराचं असतं. त्या जागी तीन-साडेतीन डायॉप्टर जास्त ताकदीचं भिंग बसवलं असतं, तर तिला हातातलं दिसलं असतं आणि लांबच्यासाठी चष्मा लागला असता. तो तर ती आयुष्यभर वापरतच होती.

दोन वर्षांनी दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी हे डॉक्टरांशी बोललो. त्यांनी आईलाच विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?" मग तो डोळा दोन नंबरनं जवळचा ठेवला. आई पुन्हा चष्म्याशिवाय पोथी वाचू लागली. पण दोन डोळ्यांत फरक आल्यामुळे जिन्यात पायरीचा अंदाज चुके, आणि बारीक टाक्याला चष्मा लागायचा तो लागायचाच. पूर्ण भरपाई झाली नाही.

आज दुकानात मोबाइल निवडावा तशी भिंगांची यादी समोर येते. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग महाग असतं. त्यात बारीक वर्तुळाकार कडी असतात. ती आलेला प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून देतात. प्रकाश वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. म्हणून काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, अंधुक उजेडात रंगछटा नीट उमगत नाहीत. पुष्कळांना त्याची सवय होते आणि ते चष्म्याशिवाय सुखात राहतात. पण रात्री गाडी चालवणाऱ्यानं, किंवा दृष्टिपटलाचा आजार असलेल्यानं ते घेण्याआधी दहा वेळा विचारावं. ज्याला तिरपा नंबर आहे, त्याच्यासाठी टोरिक भिंग असतं. तेही नेमक्या कोनातच बसावं लागतं. तीस अंश फिरलं तर त्याचा उपयोग संपतो. महाग ते चांगलं, असा हिशेब इथं लागू पडत नाही. त्या माणसाचा दिवस कसा जातो, यावर भिंग ठरतं.

दोन वर्षांपूर्वी माझी पाळी आली. मीही आईसारखाच, रात्री चष्मा काढून उशाशी पुस्तक धरणारा. मी सांगितलं, मला चाळीस सेंटिमीटरवरचं दिसू द्या, लांबच्यासाठी मी चष्मा लावीन. तरुण डॉक्टर जरा बुचकळ्यात पडले. "काका, सगळे चष्मा घालवायला येतात," ते म्हणाले. मग त्यांनी ऐकलं. आता बस कुठली आली हे पाहायला मला चष्मा लागतो. पुस्तकाला लागत नाही.

तुमच्या घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर भिंगाची किंमत विचाराच. पण त्याआधी डॉक्टरांना सांगा, की हा माणूस चष्मा काढून काय काय करतो. शिवतो का, वाचतो का, गाडी चालवतो का, रात्री शेतावर जातो का. भिंग बसल्यावर ते बदलणं सोपं नसतं. माझ्या आईच्या पहिल्या डोळ्याच्या वेळी हे सांगायचं मी विसरलो होतो. तुम्ही विसरू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)