भविष्यातल्या शर्यती आणि मिलिसेकंदांचा हिशेब

भविष्यकालीन शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये जमिनीला चाक न टेकवता तरंगणारी काल्पनिक याने धावतात. ताशी हजार किलोमीटरचा वेग तिथे नेहमीचाच. या प्रकाराला ठसठशीत रूप दिले ते निन्टेन्डोच्या 'एफ-झिरो'ने. २१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये सुपर फॅमिकॉम कन्सोल विक्रीला आला आणि त्याच दिवशी हा गेमही. त्यातला काळ इ. स. २५६०चा. 'मोड ७' नावाच्या सोयीने एकच सपाट चित्र फिरवून, लहानमोठे करून क्षितिजाकडे पळणाऱ्या रस्त्याचा भास निर्माण केला होता. मात्र खेळायचे एकट्यानेच. प्रतिस्पर्धी याने कन्सोल चालवत असे.

१९९५मध्ये लिव्हरपूलच्या सिग्नोसिस कंपनीने प्लेस्टेशनसाठी 'वाइपआउट' आणला. त्याची चित्रशैली शेफिल्डच्या 'द डिझायनर्स रिपब्लिक' या संस्थेने घडवली होती. दोघांना खेळायचे तर दोन कन्सोल केबलने जोडावे लागत. टीव्हीही दोन लागत. १९९८च्या 'एफ-झिरो एक्स'मध्ये ३० याने सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने धावू लागली. त्यासाठी आजूबाजूच्या देखाव्याला कात्री लावावी लागली. पडद्याचे चार भाग करून चौघांना एकत्र खेळण्याची सोयही त्यात होती. एकाच खोलीतल्या या शर्यतींत अंतराचा प्रश्नच नव्हता. तो इंटरनेटबरोबर आला.

म्हैसूरमधल्या खेळाडूचे उदाहरण घेता येईल. म्हैसूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ८५० किलोमीटर. प्रकाशतंतूत प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे शर्यत सांभाळणारा सर्व्हर मुंबईला असेल तर संदेशाला तिथवर जाऊन परत यायला किमान साडेआठ मिलिसेकंद लागणारच. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर सुमारे ३,२५० किलोमीटर होते आणि हा किमान वेळ ३२ मिलिसेकंदांवर जातो. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, वाटेत राउटर लागतात, घरातल्या वायफायचीही भर पडते. त्यामुळे प्रत्यक्ष पिंग, म्हणजे जाऊन परत येण्याचा हा वेळ, याहून बराच जास्त असतो. ताशी हजार किलोमीटर वेगाचे यान १०० मिलिसेकंदांत सुमारे २८ मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे पडद्यावर शेजारी दिसणारा प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात वळण ओलांडून गेलेला असू शकतो.

यावरचा उपाय अंदाजाचा आहे. शेवटच्या संदेशातले यानाचे स्थान, दिशा आणि वेग यांवरून ते आत्ता कुठे असेल याचे गणित प्रत्येक संगणक मांडतो. अमेरिकी सैन्याच्या सिमनेट या रणगाडा-सराव जाळ्यात १९८०च्या दशकातच ही पद्धत वापरली गेली होती. स्वतःचे यान मात्र सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता लगेच हलवले जाते. १९९६च्या 'क्वेकवर्ल्ड' या ऑनलाइन गेमने हे तंत्र लोकप्रिय केले. शर्यतीला हे अंदाज मानवतात, कारण वेगातले यान एकदम उलटे फिरत नाही. नवा संदेश आल्यावर चूक हळूहळू दुरुस्त केली जाते. संदेशांमधले अंतर सतत कमीजास्त होत राहिले, तर मात्र याने उड्या मारताना दिसतात.

खरी अडचण टकरीत येते. एका पडद्यावर धडक बसते, दुसऱ्यावर याने एकमेकांना चुकवून जातात. अशा वेळी सर्व्हरचा निर्णय अंतिम मानायचा किंवा टक्करच रद्द करून याने एकमेकांतून आरपार जाऊ द्यायची, हे दोन मार्ग उरतात. धडकाधडकी हाच गाभा असलेल्या खेळाला दुसरा मार्ग परवडत नाही. उदाहरणार्थ, १४ सप्टेंबर २०२३ रोजी आलेल्या 'एफ-झिरो ९९'मध्ये ९९ जण एकत्र धावतात आणि यानाची शक्ती एकाच मापात मोजली जाते: वेग वाढवला तरी ती खर्च होते, धडक बसली तरी कमी होते.

म्हणून असे गेम शक्यतो जवळच्या खेळाडूंचा गट जमवतात. खेळाडू कमी असतील तर निवड करावी लागते: दूरचे प्रतिस्पर्धी घेऊन विलंब सोसायचा, ताटकळत थांबायचे, की रिकाम्या जागी संगणकाची याने उतरवायची.