दुसऱ्या पडद्यावर हरवलेली संवादचौकट

ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण करीत असता संगणक ऐन वेळी अडून बसणे, हा प्रसंग भाषाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत दुर्मीळ नाही. ‘प्रात’ या प्रणालीत तीन-चार तास खपून स्वर-व्यंजनांच्या सीमा आखलेल्या असाव्यात, काम जतन करण्याची आज्ञा द्यावी आणि त्यानंतर खिडकीने माउसला दादच देऊ नये! अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून प्रणाली बंद पाडण्याकडे बहुतेकांचा कल असतो. परंतु प्रातमधील टेक्स्टग्रिड फाइलीत उतरविले जाईपर्यंत संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच असते. त्यामुळे या उतावळेपणाची किंमत म्हणजे दिवसभराचे श्रम होत. वस्तुतः पुष्कळदा प्रणाली बिघडलेली नसतेच. तिने एक प्रश्न विचारलेला असतो व ती उत्तराची वाट पाहत असते. मात्र तो प्रश्न उमटतो तो कोणाचेही लक्ष नसलेल्या पडद्यावर.

प्रश्न विचारणाऱ्या या छोट्या खिडकीस डायलॉग अथवा संवादचौकट म्हणता येईल. तिचा ‘मोडल’ हा प्रकार येथे महत्त्वाचा आहे. (व्याकरणातील आज्ञार्थ-विध्यर्थांशी या मोडलचा काही संबंध नाही, येथे ‘मोड’ म्हणजे केवळ अवस्था.) मोडल चौकट उघडी असेपर्यंत मूळ खिडकी कोणतीही आज्ञा स्वीकारीत नाही. मानवी संभाषणात प्रश्नास प्रतिप्रश्न करून उत्तर लांबणीवर टाकता येते. येथे ती सवलत नाही.

खरोखर गोठलेली प्रणाली व वाट पाहणारी प्रणाली यांतील भेद ओळखणे अवघड नाही. विंडोजमध्ये एखादी खिडकी सुमारे 5 सेकंद संदेशांची दखल घेईनाशी झाली व तिच्यावर क्लिक केले, की ती फिकट पडते आणि तिच्या शीर्षकात ‘नॉट रिस्पाँडिंग’ हे शब्द उमटतात. उलट, मोडल चौकट उघडी असेल तर मूळ खिडकीवर क्लिक करताच बहुधा घंटेसारखा आवाज येतो आणि खिडकीचा रंग पालटत नाही. हा आवाज ऐकू आल्यास प्रणाली जिवंत आहे असे समजावे.

चौकट दृष्टीआड का जाते? विंडोज सर्व मॉनिटर एकाच विस्तीर्ण पृष्ठाचे भाग मानते. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्यबिंदू. मुख्य मॉनिटरची रुंदी 1920 बिंदू असल्यास त्याच्या उजवीकडे लागून ठेवलेला मॉनिटर 1920 पासून सुरू होतो, तर डावीकडच्या मॉनिटरचे आडवे निर्देशांक ऋण असतात. कित्येक प्रणाली आपल्या चौकटीचे पूर्वीचे स्थान लक्षात ठेवतात आणि मॉनिटर काढून टाकल्यावरही चौकट तेथेच, म्हणजे शून्यात, उघडतात. चर्चासत्राच्या दालनातील प्रोजेक्टर तर अधिकच फसवा. त्याचा दिवा मालवला तरी तार जोडलेली असल्यास संगणक कित्येकदा त्याला हजर समजतो.

उपाय साधे आहेत. प्रथम आल्ट व टॅब या कळांनी चौकट निवडून पाहावी. दुसरा मॉनिटर जोडलेला असल्यास विंडोज व शिफ्ट दाबून डावा वा उजवा बाण दाबावा. चौकट शेजारच्या पडद्यावर येते. तो जोडलेला नसेल तर आल्ट व स्पेस, नंतर ‘एम’, नंतर कोणताही एक बाण दाबावा. त्यानंतर माउस हलविला की चौकट त्याच्यामागे येते. एस्केप दाबल्याने बहुधा प्रश्न रद्द होतो, परंतु चौकटीत रद्द करण्याचा पर्यायच नसेल तर तो निष्फळ ठरतो. एंटर मात्र न पाहता दाबू नये. प्रश्न काय होता हे कळण्यापूर्वीच त्याचे उत्तर दिले जाते, आणि तो प्रश्न जुन्या फाइलीवर नवी लिहावी काय, असाही असू शकतो.

प्रोजेक्टर वापरून झाल्यावर, तार काढण्यापूर्वी, विंडोज व ‘पी’ दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ हा पर्याय निवडल्यास पलीकडे राहिलेल्या खिडक्या मुख्य पडद्यावर परत येतात.