निकालाआधीचा निकाल

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेबांच्या हयातीतच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने उभे राहिले. जवळच जुन्या शहराची दगडी तटबंदी आहे, आणि तिच्या आश्रयाला उपकारागृह.

शत्रूस बाहेर ठेवण्यासाठी बांधलेला तट माणसांना आत ठेवू लागला. त्याची जरब मात्र तीच राहिली. शाळेतून वा कचेरीतून परतणारा माणूस बुरुजाकडे पाहतो आणि आतला इसम गुन्हेगारच, असे मनाशी ठरवून पुढे जातो. वस्तुतः उपकारागृहात प्रामुख्याने कच्चे कैदी असतात. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील दर चार बंद्यांपैकी तिघांचे खटले निकालाविना होते. न्यायाधीशाने अद्याप न दिलेला निकाल दगड केव्हाच देऊन बसलेला असतो.

इमारतीने मनावर अंमल गाजवावा, ही कल्पना इंग्लंडात जेरेमी बेंथम याने १७९१ साली तपशीलवार मांडली. मध्ये मनोरा, भोवती कोठड्या. पहारेकरी दिसू नये, पण तो पाहत असेल या धास्तीने कैद्याने सुतासारखे सरळ वागावे! कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनी १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटात जणू त्याचे उत्तर दिले. गदिमांच्या कथेतील सहा खुनी उघड्या माळावर राहतात. त्यांना अडवतात ते ओळखीच्या, विश्वास टाकणाऱ्या जेलरचे डोळे. ही निव्वळ कविकल्पना नव्हती. औंध संस्थानात, आटपाडीनजीक स्वतंत्रपूर येथे कैद्यांची बिनभिंतींची वसाहत खरोखरच वसली होती. पण ती शिक्षा झालेल्यांची. ज्यांचा गुन्हा शाबीतच झालेला नाही, त्यांच्या वाट्याला कोट आणि बुरूज यावेत, ही विसंगती सहसा कोणाच्या डोळ्यांत सलत नाही.

हे कारागृह चौकातून हलवावे, अशी मागणी मागे झालेली आहे. शहराला जागेची चणचण आहे, हे खरेच. परंतु गावाबाहेर गेलेला कच्चा कैदी शहराच्या ध्यानातूनही जातो, आणि डबा घेऊन भेटीस येणाऱ्या आईची पायपीट तेवढी वाढते. अंतर ही न्यायातली किरकोळ बाब नव्हे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. ज्या जामीनअर्जासाठी पूर्वी नातलगांना मुंबई गाठावी लागे, तो आता बिंदू चौकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ऐकला जाऊ लागला.