मानेचे दुखणे आणि सजदा

पेपर तपासायचे, वह्या पाहायच्या, त्यात जळगाव-धुळे बसचे धक्के. आम्हा शिक्षकांची मान सदा खालीच. एके दिवशी मानेतून निघालेली कळ खांद्यावरून थेट अंगठ्यापर्यंत गेली, बोटांना मुंग्या आल्या. एमआरआयमध्ये निघाले, मानेतली गादी सरकली आहे.

मानेत 7 मणके असतात. त्यांच्यामधल्या गादीचा मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो, म्हणून हात दुखतो. डॉक्टरांनी धीर दिला. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. औषध आणि व्यायामाने काही आठवड्यांत आराम पडतो. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते.

आमची खरी घालमेल नमाजची होती. सजद्यात गेलो की कळ येई, आणि खुर्चीवर बसायला मन तयार होईना. मौलानांनी समजावले, आजाऱ्याला शरीअतने सवलत दिली आहे. बसून, इशाऱ्याने नमाज अदा करा; सजद्यासाठी रुकूपेक्षा थोडे जास्त झुका. आम्ही मान न वाकवता कमरेतून झुकू लागलो.

भगिनींनो, बंधूंनो, कोणाकडूनही मान मोडून घेऊ नका. मोबाइल डोळ्यांसमोर धरा. दिवसभर अंथरूण धरू नका. हाताची ताकद कमी झाली, चालताना तोल गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

अल्हम्दुलिल्लाह, आज आमचे कपाळ पुन्हा जानमाजला टेकते. खुर्चीवरचे ते दिवसही इबादतीचेच होते.