आजोबांची सायकल आणि आपली बैठक

जिन्याखाली किंवा परसातल्या पडवीत धूळ खात पडलेली एखादी जुनी सायकल अजूनही पुष्कळ घरांत आढळते. टायर कुजलेले, घंटी मुकी आणि कातडी सीटला तडे गेलेले. घरातील तरुण मंडळी ती भंगारवाल्याला देण्याच्या गोष्टी करू लागली, की आजी म्हणते, “अरे, याच सायकलीवरून तुझे आजोबा कचेरीत जात.” तेवढ्या एका वाक्यावर ती सायकल आणखी एक वर्ष वाचते. पण ते वाक्य म्हणणारे कोणी उरले नाही, म्हणजे काय?

रायपुरातील आमच्या परिचयाच्या काही मंडळींना हा प्रश्न पडला आणि त्यांनी महिन्यातून एका रविवारी एकत्र जमण्याचे ठरविले. कोणी तात्यापाऱ्यातील, कोणी चौबे कॉलनीतील, तर कोणी भिलाईहून येणारे. मराठी, हिंदी, छत्तीसगढी अशा तिन्ही भाषांत गप्पा चालत. उत्साह उदंड होता. उणीव होती ती केवळ व्यवस्थेची. त्या उणिवेने काय हानी केली, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एका बैठकीत एका सद्‍गृहस्थांनी आपल्या वडिलांची हम्बर सायकल आणली. पाहता पाहता तिच्याभोवती कोंडाळे जमले. एकाच्या मते ती अस्सल विलायती होती, तर दुसऱ्याच्या मते आसनसोलची. तिसऱ्याने लगेच किंमत विचारली. चौथा म्हणाला, “रंग काढून नवा द्या, आरशासारखी दिसेल.” किमतीवरून वाद पेटला आणि मूळ प्रश्न बाजूस राहिला. कोपऱ्यात एक वृद्ध मिस्त्री बसले होते. चाळीस वर्षे त्यांनी सायकली जोडल्या होत्या. ते उठले, पुढच्या चाकाजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, “ये चिमटा इसका नहीं है।” त्या गलबल्यात कोणी त्यांना विचारले नाही, की मिस्त्रीजी, कशावरून? आणि मूळचा चिमटा गेला कोठे?

पुढील बैठकीपूर्वीच मिस्त्रीजी निवर्तले. सायकलीलाही तोवर नवा चकचकीत रंग चढला होता. जुन्या रंगाबरोबर नळीवरील सोनेरी अक्षरे गेली आणि जे मिस्त्रीजींना ठाऊक होते, ते त्यांच्याबरोबर गेले.

त्यांचे म्हणणे साधार होते. हम्बरच्या पुष्कळ सायकलींना पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांस जोडनळ्यांचा दुहेरी चिमटा असे आणि ती त्या सायकलींची ठळक खूण मानली जाई. समोरच्या सायकलीस साधा चिमटा होता. म्हणजे कधी काळी अपघात झाला असावा, अथवा एका सायकलीचे अंग दुसरीस लागले असावे. त्या बदलामागे एका कुटुंबाची एखादी हकीकत दडलेली असणार. ती आता कायमची अज्ञात राहिली.

वस्तू लहान, इतिहास मोठा

सायकलीसारख्या सामान्य वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या यंत्राचा आपल्या जीवनाशी केवढा संबंध आला, ते पाहावे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे, पायांनी जमीन रेटून चालविण्याचे वाहन पुढे आणले. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने साखळीने मागील चाक फिरविणारी ‘रोव्हर’ बनविली. आजच्या सायकलीचा घाट तिच्यापासूनच आला. १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर सिद्ध केला. त्याच वर्षी इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची सुरुवात सायकलीच्या दुकानाने झाली. ज्या उद्योगाने पुढे लोखंडी नांगर घडविले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, त्याची पहिली पायरी सायकल ही होती.

स्वातंत्र्यानंतर सायकली येथेच मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. १९४९ साली मद्रासेत टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियान्याला हीरो, तर आसनसोलला सेन-रॅले असे कारखाने उभे राहिले. यांपैकी अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. कालचे घरगुती वाहन आज संग्रहाची वस्तू होऊ लागले आहे, याची ही खूणच म्हणावयाची.

रायपूरची गोष्ट तर अधिक रोचक आहे. १९५६ पर्यंत हे शहर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्गही येथूनच जातो. त्यामुळे पश्चिमेकडचा व पूर्वेकडचा असा दोन्हीकडील माल येथे पोचणे सुलभ होते. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या सायकली या भागाच्या नित्य जीवनाचा भाग बनल्या. अशा ठिकाणच्या सायकलींत सांगाडा एका गावचा, रिम दुसऱ्या गावची आणि मडगार्ड तिसऱ्या गावचे आढळले, तर नवल नाही.

चर्चेची वाटणी कशी करावी?

इंग्लंडमध्ये १९५५ साली जुन्या सायकलींच्या चाहत्यांची एक संस्था स्थापन झाली. ती आज ‘व्हेटरन-सायकल क्लब’ या नावाने ओळखली जाते आणि ‘बोनशेकर’ नावाचे नियतकालिक चालविते. तेथे निरनिराळ्या कारखान्यांच्या सायकलींसाठी एकेक जाणकार नेमलेला असतो. रॅलेविषयीची शंका रॅलेच्या जाणकाराकडे, बी. एस. ए. विषयीची बी. एस. ए.च्या जाणकाराकडे. मोठ्या संस्थेस ही वाटणी शोभते.

पंधरा-वीस जणांच्या मंडळाने मात्र तिचे अनुकरण करू नये, असे आम्हांस वाटते. एक तर इतके जाणकार मिळत नाहीत व बरेचसे विभाग रिकामे राहतात. दुसरे असे, की आपल्याकडील सायकल बहुधा एका कारखान्याची उरलेलीच नसते. म्हणून वाटणी कारखान्यावरून न करता प्रश्नावरून करावी. पाच विभाग पुरेत : ओळख व काळनिश्चिती, दुरुस्ती, जतन, आठवणी आणि देवघेव.

यांत देवघेवीचा विभाग नेहमी शेवटी ठेवावा. ‘विलायती’ ठरल्याने भाव वाढणार असेल, तर मालकास ती विलायतीच वाटू लागते आणि घेणाऱ्यास आसनसोलची! प्रथम खरे काय ते ठरू द्यावे, मग मोल. बैठकीतील निम्मे तंटे एवढ्याने मिटतात.

जतनाच्या विभागातही घाई नसावी. मूळ रंग एकदा खरवडला की तो पुन्हा मिळत नाही. म्हणून रंग देण्याचा निर्णय त्याच बैठकीत न घेता पुढील बैठकीपर्यंत थांबावे, आणि तत्पूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पुसावयाचे झाल्यास मऊ फडक्याला किंचित तेल लावून प्रथम न दिसणाऱ्या जागी पाहावे.

एक सायकल, एक पान

रायपूरचे महंत घासीदास संग्रहालय १८७५ साली स्थापन झाले. संग्रहालयात कोणतीही वस्तू आली, की तिची नोंद होते. नोंदीवाचून वस्तू मुकी राहते. मंडळानेही एक जाड वही घालावी व प्रत्येक सायकलीस एक स्वतंत्र पान द्यावे. पानावर पुढील गोष्टी असाव्यात : हँडलखालील बिल्ल्यावरचा मजकूर, सांगाड्याचा क्रमांक, हबवरील अक्षरे व आकडे, बदललेले भाग आणि मालकाने सांगितलेली हकीकत. सांगाड्याचा क्रमांक बहुधा सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलचा आस बसतो त्या नळीच्या तळाशी सापडतो. दातेरी चक्रही पाहावे. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी, तर बी. एस. ए.च्या चक्रात तीच तीन अक्षरे कोरलेली आढळतात. स्टर्मी-आर्चरच्या पुष्कळ गिअर-हबांवर निर्मितीचा काळ ठोकलेला असतो. मात्र तो हबचा काळ होय, सांगाड्याचा असेलच असे नाही, हे विसरू नये.

याहून महत्त्वाचा एक नियम आहे. प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक शब्द लिहावा : ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘वाटते’. क्रमांक डोळ्यांनी वाचला, तर ‘पाहिले’. आजोबांनी ती लग्नाच्या वर्षी घेतली असे काका म्हणतात, ते ‘ऐकले’. आणि रंगावरून ती युद्धापूर्वीची असावी, हे ‘वाटते’. या तिहींची सरमिसळ झाली, म्हणजे आजचा तर्क पाच वर्षांनी इतिहास होऊन बसतो. तर्क करू नये असे नव्हे. त्याला तर्क म्हणावे, इतकेच.

बोलण्याची शिस्त

बैठकीस एक चालक असावा व तो दर वेळी बदलावा. त्याने बोलू नये, बोलवावे. दुसऱ्याने नोंदी लिहाव्यात. प्रश्न विचारणाऱ्याने प्रथम वही चाळावी, कारण पुष्कळ शंकांचे उत्तर तेथे आधीच लिहिलेले असते. तरीही नवख्याने तोच प्रश्न विचारला, तर हसू नये. त्याला पान उघडून द्यावे. मतभेद झाला, तर दोन्ही मते नावानिशी लिहावीत. बहुमताने सायकलीचे साल ठरत नसते.

आणि सर्वांआधी कारागिराला बोलू द्यावे. पदवीधरांच्या घोळक्यात तो सहसा आपण होऊन बोलत नाही. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत टिपून घ्यावेत. चिमटा, छर्रे, कॉटर हे त्याच्या दुकानातले शब्दही ज्ञानच होत.

घरातील स्त्रियांनाही विसरू नये. सायकल कोणत्या सणाला आली, तिच्यासाठी काय मोडावे लागले, तिच्या दांड्यावर कोणते मूल शाळेत गेले, हे पुष्कळदा त्यांनाच आठवते. आमच्या त्या मंडळाने आता ‘आठवणी’ हा विभाग घरोघरी जाऊन भरण्याचे ठरविले आहे.

पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले. कधी काळी सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या पुण्याला ते शोभूनही दिसते. प्रत्येक गावी असे संग्रहालय होईलच असे नाही. पण एक वही, तिची दुसऱ्या घरी ठेवलेली एक प्रत आणि ऐकून घेण्याची सवय, एवढे प्रत्येक गावास परवडण्याजोगे आहे.

त्या हम्बरचेही पान आता लिहिले गेले आहे. ‘बदललेले भाग’ या सदरात लिहिले आहे : “पुढचा चिमटा मूळचा नव्हे. मिस्त्रीजींकडून ऐकले.” त्यापुढील ओळ कोरी आहे. अशा कोऱ्या ओळी आणखी वाढू नयेत, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप. वाचकहो, आपल्या जिन्याखालील सायकल पुसण्यापूर्वी, तिच्याविषयी सांगू शकणारे घरात कोण आहे, ते पाहा. आज सायंकाळीच त्यांच्याजवळ बसा आणि पहिला प्रश्न विचारा.