डॉलरचा चेक, पौंडांची बँक

अमेरिकी बँकेवर काढलेला डॉलरचा चेक लंडनमधल्या बँकेत भरला, तर तो स्थानिक चेकसारखा वटत नाही. पौंडांचा चेक आता छायाचित्रावरून दुसऱ्याच कामाच्या दिवशी वटतो. परदेशी चेक मात्र त्या व्यवस्थेबाहेर राहतो.

तो स्वीकारणाऱ्या बँकेपुढे दोन मार्ग असतात. पहिल्यात बँक चेक जणू विकत घेते: आपल्या दराने पौंड लगेच खात्यात जमा करते. हे पैसे पक्के नसतात, आणि ग्राहकाची फसगत नेमकी इथेच होते. पुढे चेक परत आला, तर बँक ती रक्कम वळती करून घेते, तीही त्या दिवशीच्या विनिमय दराने. अनोळखी व्यक्तीच्या चेकवर विसंबून खर्च करणे म्हणूनच धोक्याचे. दुसरा मार्ग वसुलीचा. चेक अमेरिकेत जातो, पैसे हाती आल्यावरच खाते भरते. त्याला काही आठवडे लागू शकतात, शिवाय दोन्हीकडचे शुल्क कापले जाते. लहान रकमेसाठी हा खटाटोप परवडत नाही.

मुदतही पाहावी. सहा महिन्यांपेक्षा जुना चेक वटवण्याचे बंधन अमेरिकी बँकेवर नसते. सरकारी कोषागाराचा चेक वर्षभर चालतो.

अनेक बँकांनी परदेशी चेक घेणेच थांबवले आहे. न्यूझीलंडच्या प्रमुख बँकांनी तर 2021 पर्यंत चेकच बंद केले. देश सोडताना जुने खाते चालू ठेवणे, किंवा रक्कम थेट खात्यात मागवणे, हेच अधिक सोयीचे.