काळजी घेणे आणि काळजी करणे : पालकाची भाषा व मुलाची विचारकौशल्ये

‘काळजी’ हे एकच नाम मराठीत दोन क्रियापदांबरोबर दोन अर्थ धारण करते. ‘आजी नातवाची काळजी घेते’ या वाक्यात सांभाळ आहे; ‘आजी नातवाची काळजी करते’ या वाक्यात चिंता आहे. एडीएचडी, म्हणजेच अवधानन्यूनता व अतिचंचलता असलेल्या मुलाच्या घरात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यांचा परिणाम मुलाविषयी जे बोलले जाते त्यावर कसा होतो, ते आपण पाहू.

या मुलांच्या संदर्भात तीन विचारकौशल्ये महत्त्वाची मानली जातात. पहिले आत्मनिरोध : सुचताक्षणी कृती न करता थांबणे. दुसरे कार्यस्मृती : ऐकलेल्या सूचना मनात धरून क्रमाने पार पाडणे. तिसरे लवचीकता : एक रीत फसल्यास दुसरी स्वीकारणे. प्रत्येक मुलात ही तिन्ही कौशल्ये सारखीच दुबळी असतात असे नाही.

एडीएचडीचे निदान रक्ततपासणीने होत नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ मधील निकषांनुसार लक्षणे किमान ६ महिने टिकलेली, त्यांतील काही वयाच्या १२ व्या वर्षापूर्वी दिसलेली आणि घर, शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी आढळलेली असावी लागतात. हे सारे तज्ज्ञांना मुख्यतः पालक व शिक्षक यांच्या शब्दांतूनच कळते.

समजा, मुळशी तालुक्यातील एका गावात आईवडील पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि आठ वर्षांच्या मुलाला आजी सांभाळते. तज्ज्ञांपुढे ती म्हणते, “हा कधीच ऐकत नाय. एक काम धड करत नाय. पुढं कसं व्हायचं याचं?” यातील ‘कधीच’ हे क्रियाविशेषण सर्व काळ व्यापते, ‘धड’ हा शब्द निर्णय देतो आणि शेवटचा प्रश्न मुलाविषयी नसून आजीच्या भीतीविषयी आहे. तीच आजी असेही सांगू शकते : “काल पाढे लिहिताना तीनदा उठला. भातलावणीला मात्र रोपांच्या जुड्या अर्धा तास न चुकता पोचवल्या त्यानं.” येथे प्रसंग, कृती व संख्या आहे, शिवाय ‘मात्र’ या शब्दामुळे मुलाला काय जमते तेही नोंदले जाते.

पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि मुलाची प्रत्यक्ष चाचणी यांचे निष्कर्ष अनेकदा फारसे जुळत नाहीत, असे संशोधनात आढळले आहे. म्हणून पालक खोटे ठरत नाहीत. शांत खोलीतील चाचणीला संध्याकाळचा गृहपाठ दिसत नाही. चिंताग्रस्त पालकाला कधी कधी जमलेले काम दिसत नाही. दोन्ही साक्षी एकत्र वाचाव्या लागतात.

पालकाची चिंता हे एडीएचडीचे कारण मानणे चुकीचे आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला आहे. मुलाच्या अडचणींमुळे चिंता वाढते, चिंतेतून सूचनांचा भडिमार होतो आणि कार्यस्मृतीवरील ओझे वाढते. एका वेळी एकच सूचना देणे मुलाला उपयोगी पडते. पालकाची चिंता फार वाढल्यास त्यालाही स्वतंत्र साहाय्य मिळायला हवे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या परिचयातील एखाद्या मुलाविषयी ‘कधीच’, ‘नेहमी’ हे शब्द असलेली तीन विधाने आठवा. प्रत्येक विधान प्रसंग, कृती व संख्या यांसह पुन्हा लिहा. कोणती माहिती नव्याने हाती आली, ते नोंदवा.